प्रश्नांची वही: ऑनलाइन प्रेक्षक जोडण्याची एक रीत

सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात अलीकडे ज्यांनी यूट्यूब चॅनेल किंवा इन्स्टाग्रामचे पान सुरू केले, त्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे सबस्क्रायबर कसे वाढवायचे. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की आलेला माणूस पुन्हा का यावा, त्याने काही विचारावे असे त्याला का वाटावे, आणि आपल्या सांगण्यावर त्याने पैसे किंवा पिकाचा हंगाम का लावावा. आमच्या घरची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड, म्हणजे रॅकच्या थरांवर द्राक्षे वाळवण्याची जागा, आहे आणि थोडी हळदही असते. बेदाणा सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, न घालता काही माल थेट गिऱ्हाइकाला विकता यावा म्हणून मी चॅनेल सुरू केले, आणि त्यातून जे शिकलो ते या लेखात कामाच्या क्रमाने मांडत आहे. विषय बेदाण्याचा असला तरी साताऱ्यात कंदी पेढे विकणाऱ्या, कास पठाराजवळ होमस्टे चालवणाऱ्या किंवा मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या माणसालाही ही रीत लागू पडावी.

सुरुवात माणसे निवडण्यापासून करावी. पहिल्या हिवाळ्यात मी हे केले नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावरचा सूर्यास्त, हरिपूरचा संगम, भडंग कशी करतात, असे जे सुंदर दिसेल ते मी टिपत गेलो. भडंगच्या रीलला आमच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले आणि त्या आठवड्यात मला फार आनंद झाला. महिनाभराने मी त्या रीलखालच्या प्रतिक्रिया शांतपणे वाचल्या. ‘लय भारी’, ‘तोंडाला पाणी सुटलं’, ‘आमच्या सांगलीची शान’ असे शंभरेक शब्द होते, पण त्यांत एकही प्रश्न नव्हता आणि त्यातला एकही माणूस पुढच्या व्हिडिओला परत आलेला नव्हता. त्याच महिन्यात बेदाण्याच्या रॅकवर जाळी कशी ताणावी, यावरचा एक साधा, काहीसा अंधारा व्हिडिओ जेमतेम काहीशे लोकांनी पाहिला होता आणि त्याखाली अकरा प्रश्न होते. तेव्हा माझ्या लक्षात आले, की आपला प्रेक्षक कोण हे त्या अकरा माणसांनी आपल्याला आधीच सांगितले आहे.

म्हणून निवड करताना ‘शेतकरी’ किंवा ‘खवय्ये’ असा मोठा शब्द घेऊ नये. ‘द्राक्ष बागायतदार’ हा शब्दसुद्धा मोठाच आहे, कारण निर्यातीचा माल करणारा, गावातल्या व्यापाऱ्याला बाग देणारा आणि बेदाणा करणारा या तिघांच्या काळज्या वेगळ्या असतात. पहिला अंशमर्यादेच्या, म्हणजे मालात राहणाऱ्या औषधाच्या अवशेषाच्या चिंतेत असतो, दुसरा पैसे कधी मिळतील या चिंतेत असतो आणि तिसऱ्याला फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळी पावसाची धास्ती असते. मी तिसऱ्याची निवड केली, कारण त्याची धास्ती मला घरात बसून ठाऊक होती. आपण ज्याची रात्रीची काळजी ओळखतो, त्याच्याशीच आपल्याला नीट बोलता येते, असे माझे मत आहे. साताऱ्याकडच्या होमस्टेवाल्यानेही ‘पर्यटक’ म्हणून थांबू नये. पावसाळ्याच्या अखेरीस कासची फुले पाहायला वयस्क आईवडिलांना घेऊन येणारे पुण्याचे कुटुंब आणि मोटारसायकलवरून येणारे चार मित्र यांना एकच व्हिडिओ पुरत नाही.

माणसे ठरली की प्रश्न गोळा करावेत, आणि माझ्या मते सगळ्या रीतीचा गाभा हाच आहे. यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. माझ्याकडे शंभर पानी वही आहे, तिला मी तीन रकाने आखले आहेत: प्रश्न, विचारणाऱ्याचे गाव आणि तारीख. पहिल्या रकान्यात प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा, आपण तो सुधारायचा नाही, हा एक नियम मी कटाक्षाने पाळतो. उदाहरणादाखल एका पानावरचे प्रश्न असे आहेत: ‘बेदाणा लाल का पडतोय’, ‘दुसरा हात कधी मारायचा’ (म्हणजे द्रावणाची दुसरी फवारणी), ‘शेडचं तोंड कुठल्या दिशेला पायजे’, ‘सोनाकाला अन् थॉमसनला एकच पाणी चालतं का’ (या दोन द्राक्षांच्या जाती), ‘गंधकाची धुरी दिलेला बेदाणा पोरांना द्यावा का’. आता ‘बेदाणा निर्मितीचे आधुनिक तंत्रज्ञान’ असे शीर्षक मी दिले असते तर ते कृषी प्रदर्शनातल्या फलकासारखे दिसले असते, पण मोबाइलवर बोलून शोधणारा माणूस ते शब्द कधीच उच्चारत नाही. तो ‘बेदाणा लाल का पडतो’ असेच बोलतो. व्हिडिओचे शीर्षक, पहिले वाक्य आणि खालचे वर्णन या तिन्ही ठिकाणी त्याचेच शब्द ठेवल्यावर आमचे जुने व्हिडिओसुद्धा दर हंगामात नव्याने सापडू लागले.

चॅनेल नवे असेल आणि प्रश्न येत नसतील, तर ते जिथे विचारले जातात तिथे जाऊन बसावे. तासगावला बेदाण्याचे सौदे असतात त्या दिवशी बाहेरच्या चहाच्या टपरीवर तासभर थांबले, तरी दोन पाने भरतात. औषधांच्या दुकानातला काउंटर, द्राक्ष बागायतदार संघाचे चर्चासत्र, कोल्ड स्टोरेजच्या दारात उभ्या असलेल्या टेम्पोंची रांग, या सगळ्या ठिकाणी लोक मोकळेपणाने बोलतात. फक्त ऐकताना कॅमेरा बाहेर काढू नये.

आता एक व्हिडिओ जवळून दाखवतो, म्हणजे वहीतल्या प्रश्नाचे पुढे काय होते ते कळेल. प्रश्न होता बेदाणा लाल का पडतो. मी कॅमेऱ्यासमोर उभा राहून आधी स्वतःची ओळख, गाव, चॅनेलचे नाव आणि ‘लाइक करा, शेअर करा’ असे चाळीस सेकंद बोललो होतो. यूट्यूबच्या ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठे टिकले आणि कुठे सोडून गेले याची रेषा दिसते, आणि ती रेषा त्या चाळीस सेकंदांत कड्यावरून दगड घसरावा तशी खाली आली होती. पुढच्या वर्षी तोच विषय मी पुन्हा केला. या वेळी पहिल्या क्षणाला माझा चेहरा नव्हता. दोन तळहात होते, एकावर हिरवट सोनेरी बेदाणा आणि दुसऱ्यावर तांबूस पडलेला, आणि पहिले वाक्य होते, ‘हे दोन्ही एकाच बागेतले, एकाच दिवशी रॅकवर टाकलेले आहेत.’ त्यानंतर कारण सांगितले, की मणी सावकाश वाळला, हवेत दमटपणा राहिला किंवा थेट ऊन लागले, तर सालीतल्या द्रव्यांची हवेशी क्रिया होऊन रंग काळवंडतो. मग वरच्या आणि खालच्या रॅकमधला फरक दाखवला, कारण खालच्या थरात वारा कमी खेळतो. ओळख शेवटी, दोन वाक्यांत दिली. या व्हिडिओची रेषा हळूहळू उतरत गेली, कुठेही कोसळली नाही.

यातून घेण्यासारखे एवढेच, की ज्या गोष्टीसाठी माणूस आला आहे ती त्याला आधी दाखवावी आणि बोलणे नंतर करावे. तसेच एका व्हिडिओत एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हा हिशेब, गंधकाची धुरी आणि प्रतवारी हे सगळे विषय जिव्हाळ्याचे असले तरी ते एकाच पिशवीत कोंबले की प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साधा मोबाइल चालतो, मात्र कॉलरला लावायचा माइक घ्यावा, कारण शेडनेटवर आदळणाऱ्या वाऱ्याचा आवाज चित्रापेक्षा जास्त त्रास देतो.

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या दिवसाला मी व्हिडिओ करण्याइतकेच महत्त्व देतो. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उत्तर द्यावे, आणि ते ‘धन्यवाद दादा’ किंवा हात जोडलेले चिन्ह एवढ्यावर आटोपू नये. उत्तराच्या शेवटी आपणही एक प्रश्न विचारावा. कोणी लिहिले, की माझा बेदाणा चिकट झाला आहे, तर मी विचारतो: दादा, काढणीच्या वेळी साखर किती होती, आणि रॅकवर टाकून किती दिवस झाले? यामुळे दोन गोष्टी घडतात. समोरच्याची अडचण खरोखर कळते, कारण चिकटपणाची कारणे अनेक असू शकतात, आणि त्याला उमगते की इकडे कोणीतरी माणूस बसलेला आहे. तो पुन्हा उत्तर देतो, मग जतचा किंवा पंढरपूरचा तिसरा कोणी त्यात स्वतःचा अनुभव घालतो, आणि पाहता पाहता व्हिडिओखाली पारावरच्यासारखी बैठक भरते. अशा बैठकीत कधीकधी माझ्यापेक्षा जास्त जाणणारा शेतकरी बोलतो. त्याचे उत्तर मी वर पिन करून ठेवतो. आपल्या अंगणात दुसऱ्याला मान मिळाला की तो अंगण सोडत नाही.

ज्याचे उत्तर येत नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे आणि कोणाला विचारणार तेही सांगावे. औषधांच्या बाबतीत मी स्वतःच्या डोक्याने मात्रा सांगत नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांच्या शिफारशी आणि बाटलीवरच्या लेबलवर दिलेले पीक व मात्रा यांच्या पलीकडे जायचे नाही, असे मी ठरवले आहे. प्रेक्षक जसजसा जवळचा होतो तसतशी आपल्या एका शब्दाची किंमत वाढते, आणि ती दुसऱ्याच्या बागेत मोजली जाते.

यात माझी एक चूक सांगणे भाग आहे. वाळवण्याआधी द्राक्षे बुडवण्याच्या द्रावणासाठी प्रतिलिटर २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल हे प्रमाण सांगताना मी बोलण्याच्या भरात दोन्ही आकडे उलटे बोलून गेलो. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तासाभरात खाली लिहिले, ‘दादा, उलटं बोललात, पोरगं ऐकून तसंच करायला लागलंय.’ मी व्हिडिओ त्याच वेळी काढून टाकला, दुरुस्त करून पुन्हा घातला आणि पहिल्याच वाक्यात चूक काय झाली होती हे सांगितले. गुपचूप बदल केला असता तर कदाचित कोणाला कळले नसते. पण ज्यांनी आधीचा व्हिडिओ पाहून ठेवला होता त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणे हे माझ्या अब्रूपेक्षा महत्त्वाचे होते. तेव्हापासून आकडे मी पाटीवर लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरतो.

सातत्याबद्दल अनेक जण रोज काहीतरी टाका असा सल्ला देतात. मला तो पटत नाही, निदान ज्यांचा धंदा हंगामावर चालतो त्यांच्यासाठी तरी नाही. आमचे वेळापत्रक बागेने आखून दिलेले आहे: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, फेब्रुवारी ते एप्रिल बेदाणा, आणि त्याच सुमारास हळदीची काढणी व शिजवणी. फळछाटणीच्या पंधरा दिवस आधी छाटणीवरचा व्हिडिओ आला तर तो कामाचा असतो आणि पंधरा दिवसांनी आला तर ती केवळ माहिती उरते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी पिकाच्या तारखा लिहाव्यात आणि त्यांच्या दोन आठवडे अलीकडे व्हिडिओच्या. हंगामात आठवड्याला दोन आणि एरवी पंधरा दिवसांनी एक एवढे मला पुरते. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी विकणाऱ्यालाही हिवाळ्याच्या तोंडाशी जोर लावावा लागेल, आणि पेढेवाल्याला सणांच्या आधी.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातले एक जुने उदाहरण मला नेहमी धीर देते. किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. एका नांगराच्या कारखान्याचे ते पत्रक होते आणि आडगावातून निघत होते. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले, आणि महाराष्ट्रभरच्या घरांत ती वाचली गेली. कारखान्याशी संबंध असलेल्या माणसांपासून सुरुवात करून वर्तुळ टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे आणि नव्या वाचकासाठी वेगळे मासिक काढणे, या दोन्ही गोष्टी आजच्या चॅनेलवाल्याने नीट पाहाव्यात अशा आहेत.

वेगळे मासिक काढण्याचा मुद्दा मला उशिरा कळला. आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसे जमली होती, एक बेदाणा करणारे आणि दुसरी बेदाणा खाणारी. पुण्यातल्या एखाद्या ताई विचारत, बेदाणा धुवून घ्यायचा का आणि डब्यात किती दिवस टिकतो, तर त्याच व्हिडिओखाली सावळजचा बागायतदार रॅकच्या उंचीबद्दल विचारत असे, आणि दोघांनाही अर्धे बोलणे निरुपयोगी वाटे. मी शेतकऱ्यांसाठी यूट्यूब ठेवले आणि गिऱ्हाइकांसाठी इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप. त्यानंतर दोन्हीकडचे प्रश्न अधिक नेमके झाले.

व्हॉट्सॲपबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण छोट्या धंद्याला त्याचाच आधार असतो. ग्रुप केला की पहिल्या आठवड्यात सुप्रभातचे फोटो सुरू होतात आणि सभासदांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून गिऱ्हाइकांचा ग्रुप मी करत नाही. २०२३ पासून भारतात चॅनेलची सोय आली आहे. त्यात अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि संख्येची अडचण नसते, पण संवाद एकतर्फी राहतो. ब्रॉडकास्ट यादीला, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीला, मात्र २५६ माणसांची मर्यादा आहे आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. पुष्कळ जण याला अडचण मानतात. मला ती चाळणी वाटते. ज्याने आपला नंबर ‘बेदाणावाले’ अशा नावाने का होईना जपून ठेवला, तो आपला माणूस आहे, आणि निरोप आला की तो थेट आपल्यालाच उत्तर देतो, दुसऱ्या कोणाला ते दिसत नाही. नंबर घेताना परवानगी विचारावी, निरोप महिन्याला दोन-तीनच पाठवावेत आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला त्याच क्षणी यादीतून काढावे. शिवाय यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामने उद्या नियम बदलले किंवा खाते चोरीला गेले, तरी ही यादी आपल्याजवळ राहते. तिची एक प्रत वहीतही उतरवून ठेवावी.

पैशाची वेळ आली की जोडलेली माणसे सगळ्यात लवकर तुटतात, म्हणून तिथे काटेकोर राहावे. यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी दर्शने, अशी अट आहे. प्रयत्न जरूर करावा, पण एखाद्या तालुक्यापुरत्या विषयावर त्या पैशांतून घर चालेल अशी आशा धरू नये. उत्पन्न आपल्या मालातून यावे. बेदाणा, हळद किंवा पेढे पाकिटात भरून विकायचे असतील तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी करून तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलताना पैसे, फुकट नमुना किंवा सवलत यांपैकी काहीही घेतले असेल, तर ते व्हिडिओतच, प्रेक्षकाला सहज दिसेल आणि ऐकू येईल असे सांगणे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका विक्रेत्याने मला टॉनिकच्या बाटल्यांचा खोका घरी पाठवून ‘फक्त बागेत दिसू द्या’ एवढीच विनंती केली होती. तो खोका मी परत पाठवला, कारण बागेत दिसणे हीसुद्धा शिफारसच असते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा हाच विश्वास वेगळ्या रीतीने उपयोगी पडला. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात, हे इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, आणि त्या दिवसांत फोनवर फिरणाऱ्या निरोपांत दर तासाला वेगवेगळे आकडे येत होते. मी फक्त प्रशासनाने दिलेला आकडा, त्याची वेळ लिहून, पुढे पाठवत राहिलो, आणि खात्री नसलेला एकही निरोप पाठवला नाही. शेतीचा विषय नसतानाही लोक त्या काळात विचारत राहिले.

मोजमाप करायचेच असेल तर मी चार गोष्टी पाहतो. ॲनालिटिक्समध्ये परत येणारे प्रेक्षक नव्यांच्या तुलनेत किती आहेत, शंभर प्रतिक्रियांमध्ये खरे प्रश्न किती आहेत, दुसऱ्यांदा मागणी नोंदवणारे गिऱ्हाईक किती आहेत, आणि किती जणांनी ‘अमक्याने सांगितले म्हणून आलो’ असे म्हटले. चौथ्या गोष्टीचा आकडा कोणतेही यंत्र देत नाही, म्हणून मागणी घेताना ‘आमची माहिती कुठून मिळाली’ असे विचारून ते वहीत टिपावे लागते.

जूनमध्ये शेड रिकामी होते, जाळ्या गुंडाळून ठेवल्या जातात आणि पावसामुळे चित्रीकरणही थांबते. त्या दिवसांत मी वही पहिल्या पानापासून वाचतो आणि ज्यांनी हंगामात प्रश्न विचारून नंतर काही कळवले नाही अशा माणसांना निरोप पाठवतो, की दादा, त्या लाल पडलेल्या बेदाण्याचे पुढे काय झाले, सौद्यात भाव कसा मिळाला? निम्मे जण उत्तर देतात, काही जण शेडचे फोटो पाठवतात, आणि त्यांच्या उत्तरांत नेहमी एखादा असा प्रश्न असतो जो माझ्या वहीत अजून आलेला नाही. तो मी नव्या वहीच्या पहिल्या ओळीत, गाव आणि तारखेसह, लिहून ठेवतो.